बिजाचं नातवंड

दोन हजार सहाची गोष्ट. आमच्या पांढरकवड्याच्या जंगलातलं कोनतं झाड संपत चाललं, हे तपासाले संघदीप सर आलते. वाट दाखवाले मी, तांड्यावरचा फुलसिंग. तीन दिवस फिरून आमी बिजाची, म्हंजे बिवळ्याची, चाळीस झाडं मोजली. पंधरा वर्सांआधीच्या यादीतबी चाळीसच होती.

"म्हंजे या झाडाले धोका नाही," सर म्हनले.

माही बायको रामीबाई भाकरी घेऊन आलती. ती भडकलीच. "चाळीसच्या चाळीस म्हातारी हायेत! गावात एक पाळना हालत नाही, अन् गाव चांगलं चाललं म्हनता?"

सरनं पुन्हा एकेका झाडाखाली पाह्यलं. गुरांनं अन् वनव्यानं एकबी रोप ठेवलं नव्हतं. त्यायनं 'धोक्यात' लिहिलं.

"आता मी लावलेला बिजा मोजा," रामीबाई म्हनली.

"लावलेलं झाड मोजनीत धरत नाही, मावशी. त्याच्या बीचं रोप आपोआप उगवलं, तरच धरतो."

तिनं सरले आमच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर नेलं. तो बिजा तिनं पोरगी झाली त्या साली लावला होता. सावलीत कपाशी होत नाही, काप ते झाड, म्हनून वीस वर्सं मी तिच्यावर खेकसत होतो. तिनं झाडाखालच्या काट्या बाजूले केल्या. आत वीतभर रोप होतं.

सर गुडघ्यावर बसले अन् वहीत लिहिलं, 'एक'.

त्या साली कपाशीनं घरोघर रडवलं. मी मात्र अजूनबी छाती फुगवून सांगतो, आमच्या वावरात एक पीक आलतं, अन् ते माह्या बायकोचं होतं.