कपाटातलं ऑफिस

"आता बंद कर. हं. आता परत उघड. हळू! दार धाडकन पडायचं नाही, म्हातारा माणूस खाली बसतो तसं बसायचं त्यानं!"

बैठकीच्या खोलीत मधोमध उभे राहून मिस्त्री हातवारे करत होते. कपाटापुढे त्यांची सून उभी होती. तिनं खालची फळी पुढे ओढली. फळी सावकाश खाली आली आणि तिचं टेबल झालं. आत कॉम्प्युटरचा पडदा उभा, त्याखाली की-बोर्ड, बाजूच्या खिळ्यावर हेडफोन. वायर मात्र एकही दिसत नव्हती. सगळ्या वायरी मागच्या पोकळ पायातून खाली उतरल्या होत्या आणि भिंतीतल्या बटणापाशी मुकाट्यानं जाऊन मिळाल्या होत्या.

"बाबा, हे अगदी जादूचं कपाट झालंय," सून म्हणाली.

"जादू कसली? आठ दिवस घाम गाळलाय. बरं, प्रिंटर कुठाय सांग."

सून इकडेतिकडे बघू लागली. मिस्त्रींनी खिडकीखालच्या बैठ्या स्टुलावरची गादी उचलली, झाकण वर केलं, आणि आतला प्रिंटर दाखवून असे हसले, की दातांपेक्षा हिरड्याच जास्त दिसल्या.

सत्तरी ओलांडलेल्या मिस्त्रींनी तीन वर्षांपूर्वी हत्यारं पेटीत ठेवली होती. हात थोडा कापायला लागला होता. कापणाऱ्या हातानं लाकूड कापू नये, असं ते स्वतःच सांगायचे. पण सुनेला घरबसल्या काम मिळण्याची गोष्ट निघाली आणि त्यांनी पेटी उघडली. रंध्याला धार लावली, पटाश्या तेलात बुडवल्या. एकेक यंत्र समोर ठेवून शिंप्यानं नवरदेवाचं माप घ्यावं तसं माप घेतलं. प्रिंटरची कंबर किती, पडद्याची उंची किती, त्या इंटरनेटच्या डब्याच्या शेंड्या किती लांब. सुतळीला गाठी मारून मापं ठेवायची, ही त्यांची पद्धत. आठ दिवस अंगणात भुसा उडत होता आणि मिस्त्री जेवणाला तीनतीनदा हाक मारल्याशिवाय उठत नव्हते.

एवढी लगबग कपाटासाठी नव्हती. सून घरात राहावी म्हणून होती.

मिस्त्रींचा मुलगा जाऊन दोन वर्षं झाली होती. विम्याच्या एका कंपनीनं सुनेला फोनवर गिऱ्हाइकांशी बोलण्याचं काम देऊ केलं होतं. सोमवारी दहा वाजता परीक्षा. कंपनीच्या मॅडम कॅमेऱ्यातून तिची बसायची जागा बघणार, बोलणं ऐकणार. जागा नीट, शांत, इंटरनेट पक्कं असेल तर घरून काम. नसेल तर दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात जायचं, तिथंच खोली घेऊन राहायचं. आणि एकदा गेलेलं माणूस सणवाराला येतं, राहायला येत नाही, हे मिस्त्रींना ठाऊक होतं.

घर दोन खोल्यांचं. एकीत चूल आणि पाण्याची भांडी, दुसरी ही बैठकीची. उजेडाचा कोपरा एकच. आणि त्या कोपऱ्याला मिस्त्रींच्या बायकोची हरकत होती.

"तिला बसायचं तर बसू दे," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "पण वायर दिसता कामा नये आणि दिवा लुकलुकता कामा नये. मला ते सोसायचं नाही."

का, ते कोणी विचारलं नाही. मुलगा शेवटचे तीन महिने त्याच कोपऱ्यात पडून होता. नळ्या, वायरी आणि रात्रंदिवस लुकलुकणारं एक यंत्र.

म्हणून मिस्त्रींनी नुसतं टेबल केलं नाही, कपाट केलं. बंद केलं की कोणालाही वाटावं, आत कपबश्या असतील. इंटरनेटचा डबा वरच्या खणात, त्याला वेगळं दार. आपल्या उस्तादानं शिकवलेलंही ते विसरले नव्हते. खणाला आतून सगळीकडून पत्रा मारला होता. उंदीर पत्र्याला दात लावत नाही. उभ्या आयुष्यात मिस्त्रींनी केलेल्या एकाही कपाटात उंदीर शिरला नव्हता. आणि वायर म्हणजे तर उंदराचं पक्वान्न! दाराच्या आतल्या बाजूलासुद्धा त्यांनी पत्रा चांगला चिकट सोल्युशन लावून बसवला होता.

"कसं काय, जमलं का?" त्यांनी बायकोला विचारलं.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कपाटाकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"पॉलिश बरं लागलंय," ती म्हणाली आणि आत गेली.

मिस्त्रींनी सुनेला डोळा मारला. बायकोच्या तोंडून एवढं म्हणजे हत्तीवरून साखर वाटण्यासारखं होतं.

रविवारी सकाळी वायरमन आला. चार घरं पलीकडचाच, गल्लीत त्याला सगळे 'करंट' म्हणायचे, कारण तो बोलायला लागला की समोरच्याला सोडायचा नाही. त्यानं कपाट उघडून पाहिलं, पोकळ पायावर टिचकी मारली.

"मिस्त्री, हात द्या इकडे. नाही, खरंच द्या. मी तीस घरांत वायरी लपवल्यात, पण लाकडाच्या पायातून? आपण तुमच्यापुढे शेंगा सोलायच्या."

"आधी डबा लाव आणि दार बंद कर. मग बोल."

डबा खणात बसला. दार बंद झालं. सुनेनं कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर एक गोल चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं.

"काय करतंय ते?" मिस्त्रींनी विचारलं.

"शोधतंय."

"काय शोधतंय?"

"आपलं इंटरनेट."

"अरे, वीतभर वर तर आहे!"

करंटनं दार उघडलं. चक्र थांबलं, सगळं सुरळीत झालं. दार लावलं. पुन्हा चक्र. उघडलं, चालू. लावलं, बंद. मग त्यानं खणात हात घालून बोटांनी आतून वाजवलं. टण्ण असा आवाज आला. करंट खाली वाकला आणि पोट धरून हसायला लागला.

"मिस्त्री, तुम्ही त्या बिचाऱ्याला तुरुंगात टाकलंत! अहो, हा डबा हवेतून बोलतो. लाकडातून बोलेल, पत्र्यातून बोलायचा नाही. तुमच्या पत्र्यात उंदीर शिरत नाही, तसं इंटरनेट बाहेर पडत नाही!"

मिस्त्रींचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. त्यांनी पटाशी उचलली.

"एवढंच ना? पत्रा आत्ता काढतो."

खणाचा पत्रा बारीक खिळे उपटल्यावर सुटून आला. दाराचा मात्र येईना. सोल्युशननं त्याला असं धरून ठेवलं होतं, की जणू लाकूड आणि पत्रा एका आईच्या पोटी जन्मले होते. मिस्त्रींनी पटाशी घातली, दाबली. हात थरथरला. कडकन आवाज झाला आणि दाराची पातळ फळी मधोमध उभी चिरली.

करंटचं हसणं थांबलं.

"दार नाही लावलं तर?" सून हळूच म्हणाली. "उघडंच राहू दे की, बाबा."

"आणि त्या मॅडमना काय दाखवणार, माझा बोडका खण? आणि तुझ्या सासूला काय दाखवू?" मिस्त्री फुटलेल्या फळीचे दोन तुकडे जुळवून बघत होते. तेवढी रुंद फळी घरात दुसरी नव्हती आणि रविवारी लाकडाची वखार बंद. मग एकाएकी ते उठले, माळ्याला शिडी लावली आणि धूळ उडवत वेताची जुनी मोळी खाली घेऊन आले.

"चौकट तर शाबूत आहे ना? त्यात वेत विणतो. जाळी झाली की डब्यालाही वारा लागेल. काय रे करंट?"

"एकदम पसंत! तापतोच तो. पण विणणार कोण?"

या प्रश्नाचं उत्तर घरात सगळ्यांना माहीत होतं. तीस वर्षं मिस्त्रींनी खुर्च्या केल्या आणि त्यांच्या बायकोनं त्या खुर्च्यांच्या वेताच्या बैठका विणल्या. लोक खुर्ची घ्यायला यायचे आणि कौतुक जाळीचं करायचे, यावरून मिस्त्रींनी अनेकदा तोंडही फुगवलं होतं. मुलगा गेल्यापासून तिनं वेताला हात लावला नव्हता.

"मीच," मिस्त्री म्हणाले.

वेत पाण्यात भिजत घातला. तासाभरानं मिस्त्री चौकट मांडीवर घेऊन बसले. दोन उभे पदर घातले, तिसरा घालताना पहिला सुटला. आडवा घातला तर उभे सगळे एकीकडे झुकले. घामानं त्यांचा चष्मा नाकावर उतरला. सून वेताची टोकं धरून बसली होती, तिच्या हातून ती सटकत होती. करंट सूचना देत होता, म्हणजे कोणाच्याच उपयोगाचा नव्हता.

स्वयंपाकघरातून भांडी आपटल्याचा आवाज दोनदा आला. तिसऱ्यांदा भांड्याऐवजी माणूस आलं.

"काय चाललंय? कोळ्यानं बघितलं तर जीव देईल तो."

"मग कोळ्यालाच बोलाव," मिस्त्री म्हणाले. "माझे हात कापतात, हिला विणता येत नाही, याला अक्कल नाही. आणि उद्या दहा वाजता परीक्षा."

"काकू, मला अक्कल आहे, पण—"

"तू गप्प बैस." तिनं पदर खोचला आणि खाली बसून चौकट ओढून घेतली. मिस्त्रींनी घातलेलं सगळं तिनं एका झटक्यात उसकटलं. "वेत एवढाच भिजवलात? अजून पाणी आण गं. आणि बघून ठेव, उभा आधी घालायचा, आडवा त्याच्या डोक्यावर. तिरपा शेवटी. तिरपा घातला की मग सगळे एकमेकांना धरून राहतात."

सून पाणी घेऊन आली आणि शेजारी बसली. दुपारभर दोघी विणत होत्या. सासू रागावत होती, सुनेची बोटं शिकत होती. मिस्त्री उगाचच मधूनमधून येऊन "व्वा" म्हणत होते आणि हाकलले जात होते. उन्हं कलली तेव्हा चौकट भरली होती. बारीक, ताणलेली, बोट मारलं तर वाजेल अशी जाळी.

दार बसलं. करंटनं डबा चालू केला, दार लावलं. पडद्यावर चक्र एकदाच फिरलं आणि नाहीसं झालं.

"चालू!" तो ओरडला. मिस्त्रींनी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला, की तो खोकला.

आणि मग मिस्त्रींनीच पाहिलं. सांजेच्या अंधुक उजेडात जाळीमागे एक हिरवा ठिपका लुकलुकत होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिची नजर आधीच तिथं पोहोचली होती.

"करंट, ती काळी पट्टी दे. दे लवकर," मिस्त्री घाईघाईनं म्हणाले. "आत्ता झाकतो."

"कसला दिवा आहे तो?" बायकोनं विचारलं. तिचा आवाज कोरडा होता.

"चालू असल्याची खूण, काकू. हा विझला म्हणजे हिचं बोलणं तुटलं."

पाण्यात राहून पांढुरकी पडलेली बोटं तिनं पदराला पुसली.

"मग झाकता कशाला?" ती म्हणाली. "मध्येच विझला तर पोरीला कळायला नको?"

मिस्त्रींनी पट्टी करंटला परत दिली. ती खिशात घालून तो घरी गेला.

सोमवारी पावणेदहालाच सून टेबलापाशी बसली. केस घट्ट बांधलेले, कानाला हेडफोन. मागच्या भिंतीवर सासूनं स्वतःच्या ट्रंकेतली कोरी चादर ताणून लावली होती.

"आवाज चालणार नाही बरं का," सून म्हणाली. "पसंत नाही पडलं तर दहा मिनिटांत संपवतात. पडलं तर लगेच कामाला बसवतात, बारापर्यंत."

मिस्त्रींना भुशानं जडलेला जुना खोकला होता. तेव्हा त्यांनी पाण्याचा तांब्या घेतला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. बायको आधीच तिथं होती. दार पुढे ओढून घेतलेलं.

दहा वाजले. आतून सुनेचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. मिस्त्री मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून बसले. पाच मिनिटं. सात. एकदा आतला आवाज थांबला, तेव्हा दोघांनीही श्वास रोखला. पुन्हा सुरू झाला. दहा मिनिटं. बारा. मिस्त्रींनी बायकोला कोपरानं ढोसलं. तिनं उलट ढोसलं, जास्त जोरात. पाव तास झाला, अर्धा तास झाला. आतला आवाज आता घरातल्या सुनेचा राहिला नव्हता. सावकाश, ठाम, जबाबदार माणसाचा वाटत होता.

समोरून शिवणकाम करणाऱ्या शेजारीणबाई आल्या.

"अगं बाई! दोघंही बाहेर? किल्ली हरवली का?"

"श्श!" मिस्त्रींची बायको म्हणाली. "आत ऑफिस चालू आहे. काम असलं तर बारानंतर या."

शेजारीणबाई गेल्या, तशी तिनं उजवा हात मिस्त्रींपुढे धरला. अंगठ्याशेजारच्या बोटात वेताचं कुसळ घुसलं होतं, खोल, काल दुपारपासून. मिस्त्रींनी खिशातला चाकू काढला, चष्मा सरळ केला. मनगट गुडघ्यावर घट्ट टेकवलं. एरवी सुई दिसली तरी आरडाओरडा करून गल्ली गोळा करणारी बाई ती. चाकूचं टोक कातडीखाली शिरलं, तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले, दुसऱ्या हातानं तोंडावर पदर दाबून धरला आणि कुसळ निघेपर्यंत हूं की चूं केलं नाही.