मावशींचे चार

"मावशी, झालं का गं? प्रबंध छापायचा थांबलाय, छापखान्यातून दोनदा फोन आला!" भाचीने दारातूनच विचारले.

मावशी पडद्यासमोर बसल्या होत्या. वेधशाळेच्या या खोलीत त्या गेली एकोणीस वर्षे दूरदूरच्या दीर्घिकांच्या प्रकाशाचे वर्णपट डोळ्यांत तेल घालून तपासत होत्या. संगणक गोंधळतो तिथे माणसाचा डोळा लागतो, म्हणून ही नोकरी. कुठली रेषा कुठल्या मूलद्रव्याची ते ओळखायचे आणि खात्रीचे गुण द्यायचे. एक म्हणजे नुसता अंदाज, चार म्हणजे शंकाच नको. मावशींचे चार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असे सगळे म्हणत.

भाचीचा अख्खा प्रबंध अशाच एका चारवर उभा होता. वर्णपटात शेजारी शेजारी दोन रेषा. दोन्ही हायड्रोजनच्या धरल्या, तर प्रकाश अतिशय दुरून आलेला, म्हणजे विश्व अगदी तान्हे असताना एकमेकींत मिसळणाऱ्या दोन दीर्घिका. तिचे मार्गदर्शक सर तेव्हापासून हवेतच होते. आज सकाळी त्याच जागेचा, बराच जास्त वेळ टिपलेला नवा वर्णपट आला आणि त्यात पलीकडे आणखी एक पुसट रेषा निघाली. आता सगळे जुळत होते ते ऑक्सिजनशी. ऑक्सिजनची ती रेषा मुळातच जोडीने येते. म्हणजे दीर्घिका एकच, आणि तीही त्या मानाने शेजारपाजारची.

"ये, बस जरा."

"बसायला वेळ कुठाय? काय झालं?"

मावशींनी पडद्यावर बोट ठेवले. पोर हुशार, समजावून सांगावे लागले नाही. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"पण तू तर चार दिले होतेस!"

"दोनच द्यायला हवे होते. मनात पाल चुकचुकली होती तेव्हाही."

"मग?"

"तू मागे उभी होतीस, श्वास रोखून. ताई गेल्यापासून तुला कधी कशाला नाही म्हटलं नाही मी. तेव्हाही जमलं नाही."

"तेव्हा म्हणाली असतीस तर दुसरा विषय घेतला असता ना! तीन वर्षं गेली माझी, मावशी." तिचा आवाज फाटला. मग हळूच तिने विचारले, "हा नवा अजून कुणी पाहिलाय?"

"कुणी नाही."

मावशींना भीती वाटली ती स्वतःचीच. पोरीने आता 'राहू दे' म्हटले असते, तर त्यांनी राहू दिले असते.

"सरांना मी सांगते," भाची उठत म्हणाली. "गुण कुणी दिले ते विचारतील."

"माझं नाव सांग."

सरांच्या खोलीतून ती अर्ध्या तासाने बाहेर आली आणि मावशींकडे न पाहता जिना उतरून गेली. तिच्यामागे धावावे असे मावशींना फार वाटले, पण त्या उठल्या नाहीत. त्यांनी जुनी यादी उघडली. भाची इथे येऊन बसायची त्या महिन्यांत त्यांनी दोनशे बारा वर्णपटांना चार दिले होते. ते पुन्हा पाहायला त्यांना कुणी सांगितले नव्हते. पहिलाच वर्णपट बराच वेळ न्याहाळून त्यांनी चाराचे तीन केले.