सह्या खोडण्याचा तास

"हे तुम्ही शिकवलंत?"

मुख्याध्यापकांनी तो कागद मेलेल्या पालीसारखा चिमटीत धरला होता.

"सहावा धडा आहे, सर. निवेदन कसं लिहावं."

"लिहावं म्हणजे परीक्षेत लिहावं हो, बाई! खरोखर कुणी देतं का?"

नागरिकशास्त्राच्या बाईंनी मान खाली घातली. या माणसाला त्या एकोणतीस वर्षं ओळखत होत्या. साहेबांची गाडी दिसली की धावत जाऊन दार उघडायचं, एवढ्या एका गुणावर तो या खुर्चीपर्यंत पोचला होता. मनातल्या मनात त्या त्याला 'दारवान' म्हणत.

कागदावर नववीच्या एक्केचाळीस मुलांच्या सह्या होत्या. मागणी एकच, वाचनालयाचं कुलूप काढा. पाहुण्यांसाठी तिथे ठेवलेला सोफा मळू नये म्हणून तीन वर्षांपूर्वी ते लावलं होतं.

"उद्या संस्थेचे अध्यक्ष येतायत. आजच्या आज नावं खोडून घ्या. नाहीतर तुमच्या निवृत्तीच्या कागदांवर मी सही कशी करू, तुम्हीच सांगा."

बाई कागद घेऊन निघाल्या. 'मुलांनो, मागे हटू नका', जिन्यात त्यांनी भाषण जुळवलं. वर्गाच्या दारापर्यंत त्यातलं अक्षरही उरलं नाही.

"निवेदन छान लिहिलंय," त्या म्हणाल्या, "पण ही वेळ नव्हे. ज्याने त्याने आपलं नाव खोडावं."

मुलं भांडतील, निदान 'का' विचारतील, असं त्यांना वाटलं होतं. मग आपल्यालाही हात झटकता आले असते. पण कागद मुकाट्याने बाकांवरून सरकत राहिला. मेंढरं नुसती, बाईंच्या मनात आलं. आणि लगेच हाकणाराही आठवला. त्यांना स्वतःचीच किळस आली.

शेवटच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. मजकूर तिचाच होता. ते गोल अक्षर बाई ओळखत होत्या.

"बाई, एक विचारू?"

"विचार ना!" बाईंना हायसं वाटलं. चला, एक तरी निघाली.

"परीक्षेत 'निवेदनाचे महत्त्व' आलं, तर उत्तर पुस्तकातलंच लिहायचं ना?"

वर्गात कुणी हसलं नाही.

"पुस्तकातलंच," बाई म्हणाल्या.

"बरं, बाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. होती ती अदब. वरिष्ठांशी बोलताना बाईंच्या आवाजात असायची, अगदी तशीच. ती खाली बसली, कंपासमधून पट्टी काढली आणि आपल्या नावावर एक सरळ रेघ ओढली.