मुकं चाक

"अण्णा, गाडी डावीकडं ओढतेय की," गॅरेजसमोर गाडी थांबवत डॉक्टर मधुकर म्हणाले.

मल्हाररावांना ते पटेना. आत्ताच त्यांनी स्वतः लालबागेपर्यंत फेरी मारली होती. गाडी सरळ गेली होती.

बसवनगुडीतल्या या गॅरेजात ते तीस वर्षं स्टिअरिंगचंच काम करत आले होते. चाकावर नुसती बोटं टेकवली, की कुठला सांधा ढिला, कुठल्या टायरात हवा कमी, हे ते सांगत. मालक आप्पाजी गिऱ्हाइकाला विचारायचे, "मल्हाररावांनी चालवून पाहिली ना? मग सरी, काळजी नको."

डॉक्टरांची ही दोन सीटांची विलायती स्पोर्ट्स गाडी दहा वर्षं त्यांच्याच हातची. गेल्या साली, त्रेसष्टात, डॉक्टरांचा खांदा मोडला. जड चाक वळवेना आणि गाडी विकवेना. मोडीत निघालेल्या एका अमेरिकन गाडीचं पॉवर स्टिअरिंग हिला बसवा, म्हणून ते मागं लागले. "चाक हलकं होईल, पण मुकं होईल. रस्ता हाताला कळायचा नाही," मल्हाररावांनी बजावलं होतं. तरी तीन आठवडे गाडीखाली पडून त्यांनी ते बसवलं. पाठीचे नुसते तुकडे पडले होते.

"मला काहीच लागलं नाही हाताला. मुकं होणार म्हटलंच होतं मी," ते थकून म्हणाले.

"स्वल्प कमी कळतं, अण्णा, पण कळतं. खडीसुद्धा कळते."

मल्हारराव बॉनेट उघडून आत वाकले आणि स्क्रू चाचपू लागले. डॉक्टरांनी एकदम त्यांचं मनगट धरून ओढलं. बोटं तापलेल्या पाइपाला टेकली होती. कातडी पांढरी पडली होती.

"केव्हापासून असं?"

"सदऱ्याची बटणं लागत नाहीत हल्ली. बायको लावून देते. म्हटलं, वय झालं."

डॉक्टरांनी त्यांना स्टुलावर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि खिशातली टाचणी काढली.

जरा वेळानं मल्हारराव म्हणाले, "टोचा की."

"चारदा टोचली, अण्णा."

डॉक्टरांनी टाचणी परत खिशात ठेवली.

"उद्या मल्लेश्वरमला दवाखान्यात या. साखर बघू."

"बोटं परत येतील?"

"सांगता येत नाही."

मल्हारराव उठले. आत जाऊन आप्पाजींना म्हणाले, "आजपासून माझ्या भरवशावर एकही गाडी बाहेर सोडू नका." कारणही सांगितलं. आप्पाजींनी काही बोलायच्या आत ते परत बाहेर आले.

"चला डॉक्टर. तुम्ही चालवा. चाकाला काय लागतं, ते सांगत जा. गाडी सरळ करून देतो."

तीस वर्षांत प्रथमच ते डावीकडच्या सीटवर बसले.

"आता खड्डा... आता ओढतेय... आता सोडलं," डॉक्टर सांगत राहिले. मल्हारराव समोर बघत ऐकत होते. मांडीवरचे त्यांचे दोन्ही हात प्रत्येक वळणाला हळूच वळत होते.