कुलासीची ओळ

रिझ्झाने एंटर दाबलं आणि अकराव्या शाखेचं उत्तर पडद्यावर उमटलं. तिने यादीतल्या कालिबोच्या नावापुढे पेन्सिलीने खूण केली, खुर्ची मागे ढकलली आणि पलीकडच्या टेबलाकडे बघून हसली.

"मानोंग, एकच राहिली. कुलासी."

"हं," 'दादा' अशा अर्थाच्या त्या हाकेला ओ देत फ्लोरेन्सिओ म्हणाला आणि हातातला बिस्कोचोचा टोस्ट उगीचच बशीत कुस्करत राहिला.

इलोइलोच्या या मुख्य कचेरीतून बँकेच्या बारा शाखांचं जाळं सहा वर्षं त्याने एकट्याने सांभाळलं होतं. टेलिफोन कंपनीच्या फ्रेम रिले नावाच्या सेवेची एकच तार कचेरीत येते. तिच्यातून प्रत्येक शाखेकडे एक वाट जाते आणि प्रत्येक वाटेला क्रमांक असतो. हे क्रमांक आणि शाखांचे पत्ते त्याने एकेक करून हाताने राउटरला सांगितले होते, आणि त्याचा त्याला अभिमान होता. आज, रविवारी, मनिलाहून नवा राउटर घेऊन आलेल्या या सव्वीस वर्षांच्या पोरीने त्यातलं काहीच लिहिलं नाही. दोन्ही टोकांचे राउटर आपापसांत पत्ते विचारून घेतात, म्हणाली, आपण कशाला मध्ये पडायचं? आणि खरंच, जेवणाआधीच अकरा शाखा बोलायला लागल्या. फ्लोरेन्सिओचा नुसता जळफळाट झाला.

कुलासीचा राउटर मात्र जुना. त्याला विचारता येत नाही आणि सांगताही येत नाही. तिथे, आणि त्याच्यासाठी इथल्या टोकालाही, पत्ता आणि वाटेचा क्रमांक अशी एक ओळ हाताने लिहावी लागते. रिझ्झाला हे ठाऊक नव्हतं. फ्लोरेन्सिओला होतं, आणि तो सकाळपासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता.

कुलासीतल्या त्या ओळीत त्याचं गुपितही होतं. राउटरला काही सांगून झालं की शेवटी 'हे जपून ठेव' असं बजावावं लागतं, नाहीतर वीज गेली की तो सगळं विसरतो. कुलासीत पहिल्यांदा ते बजावायचं तो खरोखरच विसरला होता. आठवड्याभरात तिथली वीज गेली, ओळ पुसली गेली आणि शाखाप्रमुख डेल्फिनाचा फोन आला. त्याने एकेक अक्षर सांगितलं, तिने टाइप केलं, आणि मध्येच ती कशालातरी हसली. त्यानंतर तो मुद्दाम विसरत राहिला. आठवड्यातून एकदा फोन यायचाच. ओळ दोन मिनिटांत व्हायची. मग तिच्या आईचे गुडघे, बाजारातली मासळी, छपरावर चढून बसणारा शेजाऱ्याचा कोंबडा. एकोणपन्नास वर्षांच्या त्या अविवाहित माणसाचा आठवडा त्या पाव तासासाठी असायचा.

रिझ्झाने कुलासीला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि डेल्फिनाला मानांग, म्हणजे ताई, अशी हाक मारली.

"मानांग, पडद्यावर काही दिसतंय का?"

"माझं तोंड दिसतंय. आणि तुमच्यापायी चर्चची मिसा बुडाल्याचं पाप," डेल्फिना म्हणाली.

रिझ्झा खदखदून हसली. पलीकडे डेल्फिनाही. ती असं आपल्यापाशीच बोलते, अशी फ्लोरेन्सिओची समजूत होती.

"एरवी तार बंद पडली की काय करता तुम्ही?"

"मानोंग फ्लोरेन्सिओंना फोन करते. ते सांगतात ते टाइप करते. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही, बाई."

त्याची छाती जरा फुगली. आता ही पोरगी वळणार आणि विचारणार. तो ताठ बसला.

"पण आता हे काम माझ्याकडे आलंय," रिझ्झा स्पीकरलाच म्हणाली. "यापुढे मलाच फोन करा. अगदी दर आठवड्याला करा. मला तरी इथे कोण आहे गप्पा मारायला?"

"करते की. मानोंगांपेक्षा तुझा आवाज गोड आहे."

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. गुडघे, मासळी, कोंबडा, सगळं आता हिच्या कानात जाणार. मग नकोच. तुला ना मला, घाल कुत्र्याला.

"सरक, इंदाय," लहान पोरीला म्हणतात तसं तो उठून म्हणाला.

इथल्या टोकाची ओळ त्याने उभ्याउभ्याच टाइप केली आणि स्पीकरवर वाकला.

"डेल्फिना, लिही."

तो अक्षरं सांगत गेला. तिच्या कळांचा आवाज त्याच्या शब्दांच्या पुढे धावत होता, पण रागाच्या भरात ते त्याच्या ध्यानात आलं नाही. बारावी शाखा पडद्यावर उमटली.

"आली का हो तार? ठेवू मग?"

"थांब. अजून एक शब्द आहे. डब्ल्यू, आर, आय, टी, ई. मग एंटर."

"हा कधी सांगितला नव्हता तुम्ही."

"आता सांगतोय. याने ओळ जपली जाते. वीज गेली तरी पुसत नाही. कुणालाच फोन करायला नको."

बराच वेळ कळा वाजल्या नाहीत. मग पाच वाजल्या, एकेक करून. मग शेवटची.

रिझ्झाने कुलासीपुढे खूण केली. तिला त्याचं कौतुक वाटलं होतं आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"मानांग, तिथे वीज इतकी जाते तर राउटरसाठी बॅटरी पाठवू का?"

"बॅटरी आहे. दोन नाताळ झाले तिला. वीज गेलेली राउटरला कळतसुद्धा नाही."

"मग दर आठवड्याला ओळ पुसली कशी जायची?"

फ्लोरेन्सिओचा हात कळफलकावरच होता.

"राउटरच्या मागे बटण आहे ना, ते बंद केलं की," डेल्फिना म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, "आता बंद करून काही उपयोग नाही ना, मानोंग?"