सगळ्यात मागचा ह्यू

"भूक लागायच्या आधी खा, पोरी," लंडनहून पॅरिसकडे सायकली निघतानाच ह्यूने बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. बालरुग्णालयासाठी देणग्या जमवणाऱ्या आमच्या चमूत तो मुद्दाम शेवटी राहायचा, रेंगाळणाऱ्याला सांभाळायला.

पॅरिसच्या अलीकडच्या चढावर माझे पाय गळाले, तेव्हा त्याने स्वतःजवळचं शेवटचं सँडविच मला दिलं. पुढे तोच उगाच खेकसू लागला, सायकल झोकांड्या खाऊ लागली. माझं बाळ भुकेलं की असंच चिडतं. आता याला मागून येणाऱ्या मदतीच्या गाडीत घालतील नि याचं सायकलवरून पॅरिस गाठणं हुकेल, या धास्तीने मी सगळ्यांना थांबवून केळी गोळा केली.

"माझी आई झालीस की," तो पुटपुटला.

"मग गुमान गीळ."

पॅरिसमध्ये आम्ही सगळेच्या सगळे सायकलवरून शिरलो, ह्यूला पुढे घालून, घंट्या वाजवत. तुमच्यातही कुणी सगळ्यांची काळजी घेत मागे राहत असेल. तो जेवला का, तेवढं विचारा.