रंगभूषेच्या खोलीतला वजनकाटा

मित्रांनो, लोखंडाला वय नसतं असं म्हणतात. पण माझ्या पोटातली स्प्रिंग आता थकली आहे, आणि थकलेल्याने खरं सांगून मोकळं व्हावं. मी एक जुना वजनकाटा आहे. माझ्यामुळे एका मुलीचा गाल फाटला. हे आधीच सांगून टाकतो. ते लपवून नुसते स्वतःचे गुण गायले, तर वजनात काटा मारल्यासारखं होईल.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. जन्म कसला, मारच तो! पत्र्याला यंत्राखाली दाबलं, भोकं पाडली, कडा हातोडीने ठोकून वळवल्या. मग पोटात स्प्रिंग आणि डोक्यावर गोल काच बसवली. शेवटी चष्मा लावलेल्या एका कारागिराने माझ्यावर वीस किलोचं माप ठेवलं, मग चाळीसचं, मग साठचं, आणि दर वेळी एक बारीक स्क्रू पिळून काटा जागेवर आणला.

"केसभरसुद्धा इकडेतिकडे नको रे बाबा," तो म्हणाला. "लोक तुझं ऐकतात."

पहिली अकरा वर्षं मी लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे काढली. तापातून उठलेली पोरं माझ्यावर उभी राहायची. काटा अर्धा किलो पुढे सरकला की आयांचे चेहरे उजळायचे. त्या दिवसांत मला वाटायचं, जगातली सगळी माणसं काटा पुढे जावा म्हणूनच धडपडतात. पुढे बाईंचे हात थरथरू लागले, दवाखाना बंद झाला आणि सामान विकायला निघालं. टीव्हीवर गाण्याची स्पर्धा दाखवणाऱ्या एका कंपनीने मला उचललं आणि स्टुडिओतल्या रंगभूषेच्या खोलीत, भिंतभर आरशासमोर नेऊन ठेवलं.

तिथली दुनियाच उलटी. काटा पुढे सरकला की रडारड.

त्या खोलीवर एका माणसाचं राज्य होतं. स्पर्धकांनी कसं दिसावं हे तो ठरवायचा. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करायची, ती डोळ्यांसमोर धरायची आणि माणूस त्यात बसतो का ते बघायचं, अशी त्याची सवय. म्हणून सगळे त्याला पाठीमागे चौकटसाहेब म्हणत. त्याच्या हातात लांब शेपटीचा पोलादी कंगवा असे. ती शेपटी तो स्पर्धकांच्या दंडात, पोटात, हनुवटीखाली खुपसायचा. "हे काय? हे कधी जाणार?" कोणी कळवळलं तर म्हणायचा, "गाणं कानांनी ऐकायचे दिवस रेडिओबरोबर गेले. आता लोक डोळ्यांनी ऐकतात."

एकदा एक ट्रकचालक आला होता. त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर भाजल्याची खूण होती. तो गुणगुणू लागला तेव्हा केस विंचरणाऱ्या बायकांचे हात थांबले. चौकटसाहेबाने त्याच्या तोंडावर रंगाचे थर चढवले, चौकट धरून बघितली आणि रखवालदारांना मान हलवून खूण केली. दोघांनी त्या माणसाला कॉलर धरून ओढलं. त्याने आधारासाठी मला पकडलं, तर आम्ही दोघंही दारापर्यंत फरफटत गेलो. तिथे त्याच्या बोटांवर बूट पडला, तेव्हा त्याने मला सोडलं. त्याच्या नखांचे ओरखडे अजून माझ्या रंगावर आहेत.

मग इस्त्रीवाली आली.

बावीस वर्षांची मुलगी. एका लॉन्ड्रीत इस्त्री करायची. मनगटांवर चटक्यांच्या खुणा, खांदे रुंद, वजन बहात्तर किलो. तिने आलाप घेतला की माझी काच झणझणायची. तिच्याबरोबर तिचा मामा असे. आईबाप लहानपणीच गेलेले, म्हणून मामानेच तिला वाढवलं होतं आणि गाणंही त्यानेच शिकवलं होतं. पहिल्या दिवशी तो भाचीकडे असा बघत होता की मला डॉक्टरीणबाईंकडच्या आया आठवल्या. पण ती पहिल्या दहांत आली, भिंतींवर तिचे फोटो लागले, आणि मामाचे डोळे दिपले ते दिपलेच.

चौकटसाहेबाने त्याला बाजूला घेतलं. "आवाज आहे, मान्य. पण ही बाई पडद्यावर मावत नाही. महिन्यात साठावर आण, नाहीतर हिला घरी घेऊन जा."

त्या दिवसापासून मामा रोज सकाळी तिला माझ्यावर उभं करू लागला. जेवण निम्मं केलं, मग निम्म्याचं निम्मं. ती सरावाला उभी राहिली की तिचे पाय कापायचे आणि तो कंप माझ्या स्प्रिंगपर्यंत पोचायचा. काटा अडुसष्टावर आला आणि तिथेच अडून बसला. काय करणार, जे होतं तेच मी सांगत होतो.

"चोरून खाल्लंस?" मामाने विचारलं.

"नाही हो मामा. आईची शपथ."

"मग हा काटा खोटं बोलतो?" म्हणून त्याने तिच्या कानशिलात भडकावली. ती माझ्यावरून खाली पडली. शेजारच्या खुर्चीवर बसलेली मुलगी फिसकन हसली.

हसणारीला सगळे बाहुली म्हणायचे. चव्वेचाळीस किलो, नितळ चेहरा, टपोरे डोळे. ती चौकटीत अशी बसायची की चौकटसाहेब टाळ्या वाजवायचा. गळ्यात मात्र सूर फारसा नव्हता. पण ती हसली ते मजेने नव्हे, असं मला वाटतं. पुढचा मार आपल्यावर येईल या भीतीनेही माणसं हसतात. ती स्वतः माझ्यावर चढायची तेव्हा डोळे मिटून श्वास कोंडून धरायची.

अंतिम फेरीचा दिवस उजाडला. दुपारी चारला थेट प्रक्षेपण होतं. तीन वाजता इस्त्रीवालीला कंबर आवळायचा पट्टा चढवला. दोन बायका दोन्हीकडून नाड्या ओढत होत्या.

"अजून," चौकटसाहेब म्हणाला.

"साहेब, श्वास घेता येत नाहीये. गाऊ कशी?"

"गाऊ नकोस, पण दिस! ओढा गं."

काहीतरी कट्‌ वाजलं. नाडी तुटली असं सगळ्यांना वाटलं. ती तिची बरगडी होती, हे मागाहून इस्पितळात कळलं. ती किंचाळली तशी चौकटसाहेबाने कंगव्याची शेपटी तिच्या दंडात रुतवली. रक्ताचा थेंब माझ्या काचेवर पडला. तिने मामाकडे बघितलं. मामा म्हणाला, "सहन कर. मी आयुष्यभर केलंय," आणि तिला गप्प करायला पुन्हा हात उगारला.

तो हात खाली येण्याआधीच तिने वाकून मला उचललं. नऊ किलोचं लोखंड! तिने मला डोक्यावर धरलं, समोर आरशात एकदा बघितलं आणि सगळा जीव एकवटून फेकलं.

मित्रांनो, मी आरशावर आदळलो. दिवे फुटले, ठिणग्या उडाल्या, काच धो धो कोसळली. एक लांबट तुकडा उडून शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाहुलीवर गेला. बाहुलीने हातही वर केला नव्हता. डोळ्याखालून थेट जबड्यापर्यंत तिचा गाल उघडला.

मग चौकटसाहेबाने, खरं सांगतो, सवयीने बोटांची चौकट केली आणि तिच्या रक्ताळलेल्या तोंडाकडे बघितलं. "हिचं संपलं," तो म्हणाला. "हिला मागच्या दाराने काढा. इस्त्रीवालीचा नंबर आधी घ्या. तिचा दंड कशानेतरी झाका."

इस्त्रीवाली तोवर गुडघ्यांवर बसून बाहुलीच्या गालावर टॉवेल दाबत होती. चौकटसाहेबाने तिची वेणी धरून तिला मागे खेचलं. तिने वळूनही न बघता कोपर हाणलं. तो भिंतीवर आपटून खाली बसला आणि त्याचा पुढचा दात फरशीवर माझ्या शेजारी येऊन पडला. दारात मामा आडवा आला.

"बाहेर पाऊल टाकलंस तर मी तुला मेलो!"

"मामा, बाजूला व्हा. ही मरेल."

त्याने हात उचलला. तिने ते मनगट पकडलं आणि ओल्या चादरीला पीळ देतात तसा पीळ दिला. मामा कळवळून दारातच बसला. तिने बाहुलीला दोन्ही हातांवर उचललं, मोडक्या बरगडीसकट, आणि ती चालत गेली. चारच्या कार्यक्रमात जाहिरातीच दाखवल्या म्हणे.

बाहुलीला चौदा टाके पडले. पोलिसांनी मला जप्त करून मुद्देमालाच्या कोठीत टाकलं. तिथे चाकू, लाठ्या, फुटक्या बाटल्या अशांच्या संगतीत मी दोन वर्षं काढली. मग इस्त्रीवालीवरचा खटला उभा राहिला आणि मला न्यायालयातल्या टेबलावर ठेवलं.

चौकटसाहेब नवा दात लावून आला होता. "हिने जळफळाटाने मारलं," तो म्हणाला. "आदल्या दिवशी ती मुलगी हिला हसली होती, त्याचा सूड." मामाने मान खाली घालून तेच सांगितलं. इस्त्रीवालीच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं. आता सगळं बाहुलीच्या शब्दावर आलं.

ती पिंजऱ्यात उभी राहिली. गालावर जाड, ओबडधोबड व्रण राहिला होता. तिने तो केसांनी झाकला नव्हता.

"मी हसले होते, हे खरं आहे," ती म्हणाली. "पण ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती आरशात स्वतःकडे बघत होती. तिने आरसा फोडला आणि काच मला लागली. ती मला दवाखान्यात घेऊन गेली. या साहेबांनी मला मागच्या दाराने काढायला सांगितलं. शुद्धीवर होते मी, ऐकलंय."

न्यायाधीशबाईंनी इस्त्रीवालीला हलगर्जीपणासाठी कडक समज दिली आणि वर्षभर नीट वागण्याच्या हमीवर सोडलं. चौकटसाहेबावर मारहाणीचा वेगळा खटला उभा राहिला. तो अजून चालूच आहे, आणि तोवर साहेब दुसऱ्या कार्यक्रमात चौकटी धरतोय असं ऐकतो. मामा बाहेर भाचीची वाट बघत उभा होता. ती दुसऱ्या जिन्याने उतरायला निघाली.

मला पोत्यात बांधायला शिपाई दोरी शोधत होता, तेवढ्यात बाहुलीने इस्त्रीवालीला माझ्या टेबलापाशीच गाठलं.

"माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

"रोज सकाळी आरसा बघितला की तुला शिव्या घालते."

"घाल."

मग बाहुली खालच्या आवाजात म्हणाली, "आता तोंड बघून मला कोणी उभं करणार नाही. गावंच लागेल. आणि मला गाता येत नाही. शिकवशील?"

इस्त्रीवालीने तिच्या गालाकडे बघितलं. "लॉन्ड्री सहाला उघडते," ती म्हणाली. "त्याआधी ये. पाचला."

"पाचला? अगं, तेव्हा कोंबडासुद्धा झोपलेला असतो!"

"मग त्याच्या आधी तू ओरड," इस्त्रीवाली म्हणाली. दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण हसल्या दोघी.

शिपायाने पोत्याचं तोंड आवळलं. मित्रांनो, मी पुन्हा कोठीत आहे. माझ्यावर कोणी उभं राहत नाही, त्याचं मला दुःख नाही. तुम्हाला मात्र हात जोडून एक सांगणं आहे. कोणी गायला उभं राहिलं, तर त्याचं गाणं संपेपर्यंत त्याच्या अंगाबद्दल एक शब्द काढू नका, आणि संपल्यावर काढायची गरज उरणार नाही. मी फक्त किलो मोजतो. त्याहून जास्त काही मला कळतं, असं जो तुम्हाला सांगेल, त्याच्यापासून जपून राहा.